मोहाची नेग्रोनी आणि सुपडूनाना

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. मी वही घेतली होती ती एका पेयाची मापं टिपायला. आज उघडून पाहतो तर मापं चार पानं, बाकी सगळ्या वहीत माणसंच बसली आहेत!

आम्ही चौघे, रविवारी संध्याकाळी, नंदुरबारला माझ्या गच्चीवर. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक, म्हणून सगळ्यांचा 'मास्तर'. प्रवीणचं मेडिकल स्टोअर. रोहिदास धडगावकडचा, आमच्याच शाळेत शिक्षक. आणि एका मिरची व्यापाऱ्याकडे वीस वर्षं माल पारखणारे सुपडूनाना.

*

प्रवीणचा भाचा जहाजावर असतो. त्याने इटलीची लाल, कडू बाटली आणली. त्यात तेवढीच जिन आणि तेवढीच मसालेदार गोड वाइन घालायची, वर संत्र्याची साल पिळायची, झाली नेग्रोनी. तिकडे जेवणाआधी घेतात म्हणे, भूक लागावी म्हणून.

"नेग्रोनी? हाई आडनाव शे का गाव?" नानांनी विचारलं. मग घोट जिभेवर फिरवला, डोळे मिटले. "संत्रं. कडू मूळ. गोडमा दालचिनी."

प्रवीणने मोबाइलवर शोधलं. तिन्ही बरोबर!

पण त्यांना त्यात काय! पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, नाना एका मिरचीचं टोक दाताखाली धरून सांगायचे, "या ढीगले पाणी लागेल शे." सेठ ढीग उकरायचा. तळाशी ओल! हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

*

बाटली संपल्यावर आपली नेग्रोनी करायचं ठरलं. जिनऐवजी रोहिदासच्या आईच्या हातची मोहाची. कडूपणाला काडेचिराईत, रंगाला लाल अंबाडीची बोंडं.

पहिला नमुना रोहिदास शनिवारी गावी घेऊन गेला. सोमवारी शाळेत मला म्हणाला, "आईने नुसता वास घेतला. म्हणते, मोहाला एवढं झाकलं कशाला? त्याने काय चोरी केली?"

मी बाकी सगळी मापं निम्म्यावर आणली.

*

तिसऱ्या खेपेला माझ्या हातून न शोभणारी चूक झाली. वहीत चिराईताचे दहा थेंब लिहिले होते, मी दहा मिली ओतलं.

प्रवीण थेट कुंडीत थुंकला. रोहिदास नळाकडे धावला. नानांनी शांतपणे अख्खा ग्लास संपवला.

"बरं शे."

हसू कुणालाच आलं नाही. या माणसाने कधी कशाला 'बरं' म्हटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातल्या बुंदीलाही नावं ठेवली होती!

नाना ग्लास खाली ठेवत म्हणाले, "मांगला महिनामा ताप उना, तवयपासून जीभ लाकूड व्हई गयी मन्ही. सेठले सांगू नका."

महिनाभर ते रंग पाहून, मिरची दाबून, बियांचा खुळखुळाट ऐकून निभावत होते. मोठे सौदे तोंडावर आले होते. जीभ नाही तर काम नाही.

*

डॉक्टर म्हणाले, तापाने वास आणि चव दोन्ही गेलंय, रोज वास द्या आणि धीर धरा. प्रवीणने औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत चिराईत, मोहाची फुलं, मिरचीची बी भरली आणि नानांची परीक्षा सुरू केली.

"हाई काय शे नाना?"

"काहीच नही."

"आन् हाई?"

"तुन्हा हातना साबण."

आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या!

"बसा रे," नाना म्हणाले. "अंदाज व्हता मन्हा."

*

अकरावी खेप. दुसऱ्या दिवशी सकाळी हंगामातला पहिला मोठा सौदा होता.

मी मोजनळीने एकेक घटक मोजून ओतला. ग्लास उजेडात धरला तर त्या लाल रंगाकडे आम्ही नुसते पाहत राहिलो. रोहिदासने घोट घेतला. "मास्तर, आज जमलं." प्रवीणने लगेच दुसरा घोट घेतला. आधी मोह येत होता, अगदी मागून कडूपणा. हे आपल्या हातून झालं, यावर माझा विश्वास बसेना.

नानांनी एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घेतला आणि डोळे मिटले. आता 'बरं शे' ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली.

"मास्तर, साल कालनी शे."

साल मी शनिवारीच काढून डबीत ठेवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रवीणचा ग्लास ओठांपाशीच थांबला. नानांनी डोळे उघडून माझ्याकडे रागाने पाहिलं.

"आन् चिराईत दोन थेंब जास्त. कोनी शिकाडं तुले?"