नवसी नाचली तो रविवार

मासवणची नवसी हातपंपाचा नुसता आवाज ऐकून सांगायची, साखळी गेलीय की वायसर. नवरा वारल्यावर ती एका संस्थेत हे काम शिकली, आणि पंधरा वर्षांत आसपासच्या पाड्यांवरचा एकही पंप तिने उघडायचा ठेवला नाही. एक दिवस संस्थेच्या बाईंनी विचारलं, "आफ्रिकेत मलावीला जाशील का चार महिने? तिथल्या बायांना पंप दुरुस्ती शिकवायचीय. पगार मिळायचा नाही, जाणं-येणं आणि खाणं-राहणं आमचं."

नवसी गेली.

तिथे भाषेचं अडलं नाही. मातीत गोणपाट टाकून ती एकेक भाग मांडायची, बाया बघून तसंच करायच्या. चिकोंडी नावाच्या धिप्पाड बाईशी तिची विशेष गट्टी जमली. तिसऱ्या आठवड्यात, दोन वर्षं कोरडा पडलेला गावातला पंप पाणी ओतायला लागला. दुसरा दिवस रविवारचा. पत्र्याच्या प्रार्थनाघरात सगळं गाव लोटलं, ढोल घुमू लागले, बाया टाळ्या वाजवत, खांदे हलवत पुढे सरकू लागल्या. नवसी मागच्या बाकावर बसून होती. चिकोंडीने येऊन तिला हाताला धरून ओढलं.

खरं तर नवसीला नाचाचा वीट आलेला होता. आश्रमशाळेत कुणी साहेब आला की पोरींना भर उन्हात नाचवायचे, आणि साहेब सावलीत बसून नारळपाणी प्यायचा. इथे मात्र बघणारं कुणीच नव्हतं, सगळेच नाचणारे. तिच्या पायांनी आपसूक घरची, तारप्याच्या सुरांवरची चाल धरली. चिकोंडीने तिच्या कंबरेत हात घातला, मग दुसरीने, तिसरीने. देव कुणाचा, हे तिने विचारलं नाही. पाणी आलं होतं. नाचता नाचता ती रडली.

संस्थेच्या एका माणसाने हे मोबाइलवर टिपलं आणि कौतुकाने सगळ्यांना पाठवलं.

ती परतली तेव्हा व्हिडिओ तिच्याआधी पाड्यावर पोचला होता. भाऊ जिवल्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. मागच्या भिंतीवर क्रूस दिसत होता.

"किरिस्ताव झालीस?"

"नाय रं. नाचले फकस्त."

"क्रूसापुढं नाचलीस नं?"

"तुझ्या तारप्याचीच चाल हाय ती. माझं पाय तरी बघ."

त्याने मोबाइल खिशात घातला.

भात झोडून झालं. धान्याच्या कणसरी देवीला नवं भात दाखवलं, आणि दिवस कलताना जिवल्या तारपा घेऊन खळ्यात उभा राहिला. फेर धरला गेला, तशी नवसी त्यात शिरली. दोन्ही बाजूंच्या बायांनी तिच्या कंबरेवरचे हात काढून घेतले. जिवल्याने तारपा तोंडातून काढला. कुणी शिवी दिली नाही की जा म्हटलं नाही. सगळे नुसते उभे राहिले. ती बाजूला झाली, तेव्हा तारपा पुन्हा वाजू लागला.

त्याच महिन्यात तिने बोईसरला खोली घेतली.

चैत्रात पाड्यावरचा पंप बंद पडला. जिवल्या तिच्या दारात येऊन उभा राहिला. "बायांना नदीवर जावं लागतंय."

"माझ्या हाताचं पाणी चालंल?"

"पाणी येगळं, ताई. नाच येगळा."

ती पान्हा घेऊन निघाली. दोन तास एकटीने खपून नळ्या वर ओढल्या, वायसर बदललं. पाणी आलं. बायांनी मान खाली घालून हंडे भरले आणि घरची वाट धरली.

"तिकडं पाणी आलं तवा मला वढून नाचवलं," ती जिवल्याला म्हणाली, "तुमी हंडं उचललंत."



अजूनही पंप बिघडला की पाड्यावरून निरोप येतो. ती जाते, तहान काय लेकराबाळांचीही असते. पण तिथलं घोटभर पाणी ती पीत नाही. पिण्यापुरतं बोईसरहून भरून नेते.