मावशीचं बियाणं आणि माझा फोकस

शेजारच्या मावशीच्या सोयाबीनबद्दल मी जे बोललो, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

मी सेलूला बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी वालूर गावाच्या कडेला घर बांधलं. मागची भिंत संपली की मावशीचं रान. मावशी नात्यातली नव्हे, आमच्या वस्तीतली. नवरा गेल्यापासून एकटीनं शेती करते. तिचं घरचं बियाणं गल्लीत नावाजलेलं. पेरणीआधी ती ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी उलगडून किती उगवले ते बायांना दाखवायची. पाच-सहा घरं तिच्याकडूनच बी न्यायची. त्या दिवसांत मावशीचा रुबाब बघण्यासारखा असायचा.

मला सापाची भयंकर भीती. म्हणून मागच्या भिंतीवर मोठा एलईडी फोकस बसवला, तोंड थेट रानाकडे. अंधार पडला की आपोआप लागायचा, उजाडलं की विझायचा. मी स्वतःवर खूश होतो.

त्याच साली धम्मचक्र दिनाच्या आधी मावशी भिंतीपाशी आली. "जय भीम, सर. जरा बघता का? समदं रान पिवळं पडलं, काढायला आलं. ह्यो भिंतीकडचा तुकडा तेवढा हिरवागार हाय. शेंगाच न्हाईत. काय व्हायलंय कळंना."

गेलो. झाडं चांगली उंच, पानं लुसलुशीत, शेंगा मात्र शोधाव्या लागत होत्या. दोन-तीन शेजारीही येऊन उभे राहिले. चार लोक समोर असले की मला 'माहीत नाही' म्हणताच येत नाही, हा माझा जुना आजार. मी ठणकावून सांगितलं, "मावशी, बियाण्यात भेसळ आहे. घरचं बी किती वर्षं वापरणार? दुकानातून आणा."

"भेसळ कशी व्हईल? एकेक दाणा हातानं निवडलाय मी," ती म्हणाली. मग तिनं शेजाऱ्यांकडे बघितलं. जीवशास्त्राच्या सरांनी सांगितलंय म्हटल्यावर गल्लीत कुणी शंकाही घेतली नाही.

हिवाळ्यात वर्गात तो धडा आला. काही झाडं रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. दरवर्षीप्रमाणे फळ्यावर लिहिलं, उदाहरण : सोयाबीन. आणि तिथेच हात थांबला. वीस वर्षं मी हे पोरांकडून घोकून घेतोय आणि मावशीच्या त्या तुकड्याला मी पावसाळाभर रात्रच होऊ दिली नव्हती. फोकसचा उजेड जिथवर जायचा तिथवरच रान हिरवं राहिलं होतं. मी उभा होतो त्याच रानात, तरी मला ते दिसलं नव्हतं.

घरी आल्या आल्या फोकस काढला. मावशीला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळा आला. त्या वर्षी तिच्या अंगणात गोणपाट भिजलं नाही, बी मागायला कुणी आलं नाही. राखून ठेवलेलं सगळं सोयाबीन टेम्पोत घालून तिनं सेलूच्या बाजारात पाठवलं. मी गच्चीवरून बघत होतो. तेव्हा खाली उतरून दोन वाक्यं बोललो असतो तरी ते बियाणं वाचलं असतं. लाज वाटत होती, पण पाय हलले नाहीत.

यंदा दुकानाचं बियाणं रानभर एकसारखं पिकलं. मावशी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं ताट घेऊन आली. "तुमचं ऐकलं म्हून बरं झालं सर."

मी ताट खाली ठेवलं. मग सगळं सांगून टाकलं. फोकस, धडा, उन्हाळाभर गप्प बसणं. वाटलं, आता चांगलं फैलावर घेईल.

"म्हंजी माझं बी चांगलं हुतं?"

"चांगलं होतं, मावशी."

"मग हे गल्लीत सांगा की. मी सांगून कोण ऐकंल?"

सांगतो म्हणालो. त्याला महिना झाला. गल्लीतून जाताना लोक अजून मला थांबवतात, पुढच्या साली बी कुठलं आणावं ते विचारतात, आणि मी दुकानाचं नाव सांगतो.