आडवा तो पेशंट

बसून प्रवास करणाऱ्यांचे किस्से ऐकायचे असतील तर एसटीच्या कंडक्टरला गाठा. आडवं होऊन जाणाऱ्यांचे मात्र आमच्याकडेच! दवाखान्याच्या गाडीतलं बाहेर बोलू नये म्हणतात, आणि आम्ही बरीच वर्षं बोललोही नाही. पण किती दिवस पोटात ठेवायचं राव?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या भवानी पेठेत एक धर्मादाय दवाखाना होता, त्याची एक म्हातारी व्हॅन होती. ड्रायव्हर कासीमभाई, आणि मागं पेशंटपाशी मी. कासीमभाईनं स्ट्रेचरखाली टायरच्या ट्यूबचं रबर घातलं होतं, वर जाड गादी, आणि पेशंट पडू नये म्हणून खाटेच्या नवारीचे दोन पट्टे. सगळं स्वतःच्या हातानं केलेलं! आणि नियम एकच. "आडवा तो पेशंट, बसला तो पॅसेंजर. पॅसेंजर ले जाने कू मैं क्या टांगेवाला हूं?"

पेशंट आडवा झाल्याशिवाय हा माणूस किल्लीच फिरवायचा नाही. आणि आमच्या सोलापूरकरांना तर आडवं व्हायचंच नसायचं. त्या गाडीत आडवा दिसला की माणूस गेला, असाच सगळ्यांचा समज!

* * *

एकदा पट्टे नवीन बसवले. कासीमभाई म्हणाला, "पेशंटला काय होतं ते झोपल्याशिवाय कसं कळणार?" आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडवा झाला. मी तेव्हा नुकताच गाडी शिकत होतो. म्हणाला, "चल, कुंभारीपर्यंत जाऊन येऊ."

रस्ता तुम्हाला माहीतच आहे. एकही खड्डा मी चुकवला नाही. परत आल्यावर कौतुकानं दार उघडलं आणि विचारलं, "कसे आहेत पट्टे?"

कासीमभाई कंबर धरून उठला. "पट्टे एक नंबर! ड्रायव्हर बदलना पडता."

* * *

नरसय्या आमच्याच गल्लीतला, मागावर काम करणारा. जिन्यावरून पडून पाय मोडला. गाडीत घातला तर म्हणे, "मी बसूनच येणार. पेठेतनं आडवा गेलो तर लोक घरी रडायला जातील!" कासीमभाई किल्ली फिरवेना. शेवटी नरसय्या चरफडत झोपला आणि मी पट्टे आवळले.

पहिल्याच कोपऱ्यावर पानवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. नरसय्याला उठता येईना. तसाच पडल्या पडल्या ओरडला, "अय्यो, टोपी घाल की! पाय मोडलाय नुसता!"

* * *

माळशिरसकडचा एक पैलवान पाठ धरून आला होता. सहा फुटांच्या वर उंची, आणि आमचं स्ट्रेचर बेताचं. पाय दुमडायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग काय! मागचं दार उघडं ठेवून दोरीनं बांधलं आणि पाय बाहेर. कासीमभाई नियमाला पक्का. ट्रकमधून लोखंडी सळया नेताना बांधतात तसं लाल फडकं त्यानं पैलवानाच्या अंगठ्याला बांधलं.

चौकात पोलिसानं शिट्टी मारली. फडकं पाहून मागून विचारलं, "काय माल हाय?"

आतून पैलवान म्हणाला, "माळशिरसचा हाय! जपून न्या म्हनावं."

* * *

अक्कलकोटकडची एक म्हातारी होती, कानडी बोलणारी. जन्मात मोटारीत बसली नव्हती, आणि पहिल्यांदा बसली तीही झोपूनच. पण ही एकटीच अशी निघाली, की स्वतः होऊन आडवी झाली, पट्टे बांधून घेतले आणि डाराडूर झोपली. दवाखाना आला, मी दार उघडलं, तरी उतरायचं नाव नाही. एक बोट वर करून म्हणाली, "इन्नोंद सुत्तु!" म्हणजे अजून एक फेरी!

कासीमभाई एवढा खूश झाला की त्यानं खरोखरच दवाखान्याभोवती एक फेरी मारली. डॉक्टर दारात घड्याळ बघत उभे. कासीमभाईला बोलणी बसली, पण त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

* * *

आता हा किस्सा ऐका. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप राहिली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. आमचा लागला होता.

मे महिन्यातली भर दुपार. एका खेड्यातून एक गरोदर बाई आणायची होती. दिवस भरायच्या आधीच रक्त जायला लागलं होतं. डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं, "तिला सपाट झोपवूनच मोठ्या दवाखान्यात न्या. बसवलंत तर दोन्ही जीव जातील."

नवरा मिलमध्ये पाळीवर, सासू वारलेली. बरोबर आला तो सासरा. गावात ज्याच्यापुढं कुणी मान वर करत नाही असला कडक म्हातारा. पुढची सीट दुरुस्तीला काढलेली, म्हणून तो मागं माझ्याशेजारी बसला. आणि पोरगी स्ट्रेचरवर ताठ बसून! डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला.

"झोप बाई," मी म्हणालो.

"मामंजी बसल्यात की समोर! मी कशी आडवी पडू?"

कासीमभाईनं पुढून हात जोडले. "बेटी, सो जाव." नाही! सासऱ्यानं दरडावलं, "पोरी, मी सांगतुया, झोप!" तशी ती आणखीनच ताठ बसली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवून पाठ केली, तरी नाही. लुगडं भिजत चाललेलं, ओठ पांढरे पडलेले, आणि ही मर्यादा सोडेना. मी तिच्या अंगावर घालायला चादर काढली.

म्हातारा एकदम उठला. डोक्याचा पटका काढून ठेवला, गाडीच्या पत्र्यावर स्ट्रेचरच्या कडेला उताणा पडला आणि माझ्या हातातली चादर ओढून डोक्यापासून पायापर्यंत घेतली. आतून म्हणाला, "मी न्हाय हितं. झोप आता."

पोरगी हळूच आडवी झाली. मी पट्टे बांधले. कासीमभाईनं गाडी सोडली.

तिच्याखाली गादी होती, रबर होतं. म्हाताऱ्याखाली नुसता पत्रा! प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं खाली आपटत होतं. पण हूं नाही की चूं नाही. आवाज ऐकला तर सून उठून बसेल ना!

मोठ्या दवाखान्याच्या दारात दोन वॉर्डबॉय धावत आले. दार उघडून आत बघतात तर वाटेत हा आडवा, तोंडावरून चादर घेतलेला. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, आधी हा मुडदा बाजूला काढ, मग बाईला घेऊ."

चादर जराही हलली नाही. आतून आवाज आला,

"मुडद्याचं ऱ्हाऊ द्या की! आदी सूनबाईला घ्या!"