वाट हाय, वाट नाय

तेहतीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमची पलटण काश्मीरमध्ये बर्फात होती. मी हवालदार नारायण हिंगे, राहणार अवसरी बुद्रुक. वरची पोस्ट माझ्याकडे होती. माझ्यासह नऊ माणसं. खाली दीड तासाच्या चालीवर कंपनी हेडक्वार्टर. मध्ये एक नाला आणि त्याच्या अंगावर बर्फाने लदलेला उतार. पायवाट त्या उतारावरूनच जायची. दुसरी वाट नव्हती.

रोज सकाळी सातला माझं एक काम ठरलेलं होतं. उतार नीट पाहायचा आणि रेडिओ सेटवरून खाली सांगायचं, 'रूट ओपन' किंवा 'रूट क्लोज्ड'. मगच खालची पार्टी रॉकेल, राशन आणि टपाल घेऊन निघायची. थंडीत सेटची बॅटरी लवकर बसायची. म्हणून थोडक्यात बोलायचं आणि लगेच बॅटरी काढून शेगडीजवळ ठेवायची.

खालच्या सेटवर लान्स नाईक डॅनियल साळवे असायचा. जुन्नरचा. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पलटणीत सगळे त्याला पाद्री म्हणायचे. मंदिर परेडला पेटी तोच वाजवायचा, कारण त्याच्याइतकी कोणालाच येत नव्हती. माझ्या पोस्टवर शिपाई दत्ता कुऱ्हाडे होता, आळ्याचा, वय बावीस. आम्ही तिघं एका भागातले, त्यामुळे सेटवरसुद्धा आमची गावची बोली चालायची. म्हणजे मी आणि दत्ता बोलायचो. डॅनियलला ते पसंत नव्हतं.

दत्ता सेटवर म्हणायचा, "पाद्रीबुवा, तुमच्या येशूला सांगा की, माझी सुट्टी मंजूर करा म्हनावं."

"येशूकडं अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल जातो," डॅनियल म्हणायचा. "आधी हवालदारसाहेबांची सही आन. ओव्हर."

मलाही त्याने दोनदा बजावलं होतं. "साहेब, ओपन न्हाईतर क्लोज्ड, एवढंच म्हना. सेटवर आपलं 'हाय' आन् 'नाय' सारखंच ऐकू येतं."

मी हसलो होतो. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर एका लान्स नाईकने मला बोलायला शिकवावं, हे मला रुचलं नव्हतं.

त्या आठवड्यात तीन दिवस बर्फ पडला. दत्ताची दाढ सुजली होती, म्हणून तो आधीच खाली गेला होता आणि तिथेच अडकला होता. चौथ्या दिवशी ऊन पडलं. सात वाजता मी उतार पाहिला. वरच्या कड्याशी आडवी भेग गेली होती. वाट बंद होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. माझा ऑपरेटर बाहेर छपरावरचा बर्फ काढत होता. सेटवर मी एकटाच होतो.

"रूट स्टेटस, ओव्हर," डॅनियलचा आवाज आला.

मी म्हणालो, "वाट नाय."

सेटमध्ये खरखर होती.

"से अगेन. ओपन ऑर क्लोज्ड? ओव्हर."

"मराठी कळंना का रं, पाद्र्या? सांगितलं तेवढं बास. आउट."

मी बॅटरी काढली आणि शेगडीजवळ ठेवली. तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेरून ओरडा आला की पार्टी नाल्यात दिसते आहे. मी बॅटरी घेऊन सेटकडे धावलो. ती बसवेपर्यंत उतार सुटला होता.

पार्टीत पाच जण होते, पोस्टवर परतणारा दत्ता धरून. चौघांना आम्ही जिवंत काढलं. दत्ता पन्नास मिनिटांनी सापडला. दाढेवर धरलेली लवंग त्याच्या गालात तशीच होती.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तिथे मी सांगितलं, "मी इंग्लिशमध्ये 'रूट क्लोज्ड' म्हणालो. दोन वेळा." हे खोटं होतं. इतक्या वर्षांनी ते लिहितो आहे.

पार्टीचे नायब सुभेदार डोक्याला मार लागून वाचले होते. त्यांना एवढंच आठवत होतं की साळवेने ओपन सांगितलं. डॅनियल म्हणाला, "मला 'वाट हाय' ऐकू आलं, म्हंजी ओपन. कन्फर्म झालं न्हवतं. मी दोन्ही सांगितलं आन् दोन्ही लिवलं."

खालच्या सेटची लॉग शीट काढली. त्यावर 'ओपन' हा शब्द बॉलपेनने लिहिलेला होता. पुढचे शब्द, 'कन्फर्म नाही, वरचं स्टेशन बंद', पेन्सिलने होते. हे शब्द नंतर घुसडले, असा निष्कर्ष निघाला. त्या उंचीवर बॉलपेनची शाई अर्ध्या ओळीत गोठते. त्यासाठी प्रत्येक जण खिशात पेन्सिल ठेवायचा. माझ्याही खिशात होती, तिथे साक्ष देतानासुद्धा. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

डॅनियलची पट्टी उतरली. लान्स नाईकचा शिपाई झाला. सिग्नलमधून काढून त्याला कुकहाउसवर पाठवलं.

आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. पोस्ट बदलून मीही खाली आलो होतो. तो एकटाच आला आणि सावधान उभा राहिला.

"साहेब, तुमी 'नाय' म्हनला व्हता आन् मी 'हाय' ऐकलं. असंच झालंय ना?"

मी म्हणालो, "तू कोणाशी बोलतोयस, साळवे?"

"म्हनून तर एकटा आलो. आमच्यात असं हाय, की ज्यानं आपलं वाईट केलं त्याच्याकडं पयलं एकट्यानं जायचं. चार लोकांत न्यायच्या आधी. तुमी उद्या सीओसाहेबांना खरं सांगितलं तर माझी काय तक्रार न्हाई. न्हाई सांगितलं तर मी अर्ज देनार. पाठीमागून देत न्हाई, तोंडावर सांगतोय."

मी त्याला हाकलून दिलं. त्याने अर्ज दिला. मला पुन्हा विचारलं गेलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर त्याने कोणापाशी तो विषय काढला नाही. माझ्या ताटात रोटी वाढताना त्याचा हात कधी आखडला नाही. जवान त्याला चिडवायचे, "पाद्र्या, आज डाळ ओपन का क्लोज्ड?" तो डाव हलवत राहायचा. मला वाटलं, माणूस मऊ आहे. दबला.

मार्चमध्ये माझ्या फुप्फुसात पाणी झालं. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. स्ट्रेचरवरून खाली न्यायचं ठरलं. सहा माणसं, सात तासांची चाल. पुढच्या डाव्या दांड्याला डॅनियल होता. विश्रांतीला थांबले तेव्हा मी विचारलं, "तू का आलास?"

"कुकहाउसमधून एक मानूस मागितला. मी आलो."

"माझा राग नाही येत?"

त्याने हातमोजा काढला. दांड्याने तळहात सोलला होता. त्यावर फडकं गुंडाळत तो म्हणाला, "लई येतो. दातव्होठ खाऊन उचललंय तुमाला. सूड घ्यायचा न्हाई, एवढं माझ्या हातात हाय, ते मी रोज सकाळी उठून करतो. तुमाला माफ केलं, साहेब. पर झालंच न्हाई असं मी म्हननार न्हाई. खरं बोलायचं तेवढं तुमच्याकडं ऱ्हायलंय."

मग त्याने दांडा पुन्हा खांद्यावर घेतला. तो मऊ नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. कळूनही मी गप्प राहिलो. माझं प्रमोशन जवळ आलं होतं.

मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. त्या सकाळपासून माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' निघत नाही. 'आहे' आणि 'नाही' असं पूर्ण म्हणतो. अवसरीतले लोक हसतात. "सुभेदारसाहेब पुन्याची भाषा बोलत्यात," म्हणतात. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

डॅनियल शिपाई म्हणूनच सुटला. जुन्नरमध्ये त्याने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दर वर्षी दत्ता गेला त्या दिवशी तो आळ्याला जायचा. सकाळी दहा वाजता. दत्ताच्या आई हौसाबाई त्याला पाहिलं की दार लावून घ्यायच्या. "माझ्या लेकाला मारनारा," असं त्या गावात सांगायच्या. तो अंगणात उभं राहून बंद दाराला सॅल्यूट करायचा आणि परत जायचा. मी दुपारी जायचो. मला त्या पाट मांडून पुरणपोळी वाढायच्या.

एकदा आळेफाट्यावर आम्ही समोरासमोर आलो. तो परत निघाला होता, मी उतरत होतो. त्याचं डोकं पिकलं होतं. त्याने सॅल्यूट केला आणि हसून विचारलं, "काय साहेब, ओपन का क्लोज्ड?"

मी म्हणालो, "बघू, साळवे."

"बगा. मी सेट बंद करत न्हाई."

गेल्या नाताळाच्या आधी तो गेला. दफनाच्या वेळी त्याची पत्नी रूथ माझ्याजवळ आली. म्हणाली, "तुम्ही त्यांचे हवालदार होता ना? दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. "साळवे चांगला माणूस होता, पेटी छान वाजवायचा," असं बोललो आणि बसलो. रूथ माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं माहीत होतं, हे मला तिच्या नजरेत दिसलं. तरी तिने मला चहा दिला.

त्यानंतर मी ठरवलं. माझं वय एकाहत्तर आहे. क्रम डॅनियलनेच शिकवला होता, आधी एकट्याने जायचं. ज्याच्याकडे जायला हवं होतं तो माणूस उरला नव्हता. दुसरं घर आळ्यात होतं.

या वर्षी दत्ताच्या दिवशी मी दुपारची वाट पाहिली नाही. सकाळी दहा वाजता गेलो. हौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात.

"आज सकाळीच, सुभेदार? पोळ्या व्हयाच्यात अजून."

"पोळी नको, आई. आधी ऐकून घ्या."

मी अंगणातच उभा राहिलो, जिथे तो उभा राहायचा. सगळं सांगितलं. सात वाजून चार मिनिटं, 'वाट नाय', बॅटरी, पेन्सिल, साळवेचं दफन. ऐकू गेलं नाही तिथे पुन्हा सांगितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी दारातून आत, भिंतीवरच्या दत्ताच्या फोटोकडे पाहिलं.

"म्हंजी तुमी बोलला आन् त्यानं भोगलं."

"हो."

"तो दर साली यायाचा. उन्हात हितं उभा ऱ्हायाचा. म्या त्याला तांब्याभर पानीबी दिलं न्हाई." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आन् तुमाला पोळी वाढली."

शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी एकही दिली नाही. उठून आत गेल्या, तांब्या भरून आणला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं.

"कुठं ठिवलंय त्याला?"

"जुन्नरला."

"गाडी आनलीया?"

"हाय," मी म्हणालो. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निसटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. "हाय म्हनला का नाय? नीट बोला की."

"आहे, आई. गाडी आहे."

सव्वाबाराला आम्ही जुन्नरच्या ख्रिस्ती कबरस्तानात पोहोचलो. रूथ तिथे आली होती. आळ्यातून निघताना मी फोन करून तिला बोलावलं होतं आणि फोनवरच सगळं कबूल केलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "फार उशीर केलात. पण या."

हौसाबाई कबरीपाशी बसल्या. फुलपात्र काढून त्यात पाणी ओतून ठेवलं, पाहुण्यापुढे ठेवतात तसं. म्हणाल्या, "घे बाबा. दमून आलास." मग रूथचा हात धरला आणि सोडला नाही.

माझा जबाब मी लिहून, सही करून रेकॉर्ड ऑफिसला पाठवला आहे. त्यात सांगितलेल्या खोट्याचा उल्लेख आहे, पेन्सिलचं कारण आहे, आणि साळवेची पट्टी त्याच्या नावावर परत लावावी अशी विनंती आहे. माझ्यावर कारवाई करायची असेल तर माझा पत्ताही आहे. उत्तर आलेलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाठवीन, आणि मग पुन्हा. येत्या माजी सैनिक मेळाव्यात हाच जबाब मी उभं राहून वाचणार आहे. त्या दिवशी जे चार शब्द मी बोलायला हवे होते, ते आधी म्हणेन. रूट क्लोज्ड. रूट क्लोज्ड.

त्यानंतर दोन नावं घेईन. इथेही घेतो.

शिपाई दत्ता कुऱ्हाडे, आळे.

लान्स नाईक डॅनियल साळवे, जुन्नर.