फोनवरचे रोजचे उत्तर

निर्मला वसंत बोरसे, काल सकाळच्या एसटीने धुळ्याहून निघून मी जळगावच्या तुझ्या खोलीवर पोहोचलो. तू गेल्यापासून दोन महिने हे काम मी पुढे ढकलत होतो... खोली रिकामी करून द्यायची होती.

इतिहासात बी.ए. झालेली सत्तेचाळीस वर्षांची स्त्री एम.सी.ए.ला प्रवेश घेते, याचे आपल्या परिचितांना नवल वाटले होते. बारावीला गणित नव्हते, म्हणून आधी ब्रिज कोर्स करावा लागला. ओट्यावर शेंगदाणे मांडून, दाणा म्हणजे एक आणि रिकामी जागा म्हणजे शून्य, अशा तू बायनरी संख्या शिकलीस. त्यातला पहिला दाणा मी खाल्ला, तेव्हा नवऱ्यालाही गुरुजीच म्हणणारी तू म्हणालीस, "गुरुजी, बाराचे चार केले तुम्ही!"

घरमालकीणबाईंनी दार उघडले. "भाऊ, तिले आठे बठ्ठा अक्का म्हनेत," तुला इथे सगळे अक्का म्हणत, एवढेच त्या अहिराणीत बोलल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

खोलीत तुझी वर्गमैत्रीण कोमल वाट पाहत होती. तीही तुझ्यासारखीच कलाशाखेची, दोंडाईच्याची. तुम्हा दोघींचा प्रोजेक्ट त्याच सायंकाळपर्यंत सादर करायचा होता आणि त्याची पूर्ण प्रत फक्त तुझ्या लॅपटॉपवर होती. तो उघडला नाही, तर तिचे एक सत्र वाया जाणार होते.

लॅपटॉपने पासवर्ड मागितला. खाली तू स्वतः लिहिलेली खूण होती... 'गुरुजींना फोनवर रोज काय सांगते?'

मी निश्चिंत झालो. रोज रात्री जेवणानंतर मी विचारत असे, "कशी आहेस?" उत्तर मला पाठ होते. 'सगळं ठीक आहे' असे मी इंग्रजी अक्षरांत टाइप केले. चूक. जोडून लिहिले, तोडून लिहिले... तरीही चूक.

कोमलने विचारले, "काका, अक्का नेमकं काय म्हणायच्या?"

"हेच. सगळं ठीक आहे."

"हे तुमचं वाक्य झालं हो काका. त्यांचं सांगा ना!"

अठ्ठावीस वर्षे शाळेत मराठी शिकवणारा मी... तू फोनवर काय म्हणायचीस, ते मला पक्के ठाऊक होते. तू म्हणायचीस आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचो. तू हसून माझे वाक्य पुन्हा म्हणायचीस. माझ्या तोंडी बसले ते हे दुसरे वाक्य.

मग मी ते आयुष्यात प्रथमच मोठ्याने उच्चारले. "बठ्ठं बेस शे."

कोमलने अक्षरे दाबली. लॅपटॉप उघडला.

तुमचा प्रोजेक्ट मी काल प्रथम नीट पाहिला. अहिराणीत बोलणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न कृषी कार्यालयाला समजेल अशा मराठीत मांडणारा तो प्रोग्रॅम. त्यातल्या शब्दांच्या तक्त्यात पहिलीच ओळ होती... शे, म्हणजे आहे. शेजारी तुझी टीप होती, 'अर्थ पोचवायचा. बोलणाऱ्याची चूक काढायची नाही.'

कोमलने सर्व फाइल्स पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि स्कूटीवरून कॉलेजला धावली. चार वाजता तिचा फोन आला. प्रोजेक्ट जमा झाला होता. दोघींच्या नावाने.

तुझी पुस्तके, गादी आणि शेंगदाण्यांचा डबा मी बांधून घेतला. माझ्या दुरुस्त्या तू इतकी वर्षे हसून सोसल्यास, याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते... ते येथे मानतो.

निघताना, सगळे घेतले ना, म्हणून मालकीणबाईंनी विचारले, "भाऊ, बठ्ठं लिधं ना?"

"हो," मी म्हणालो, "बठ्ठं."

सायंकाळी साडेपाचला खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हाती परत दिल्या.