कढतकाकूंचं नाक

कढतकाकूंच्या घरात बश्या नव्हत्या. चहा गार करण्याची कुठलीच सोय त्यांना मान्य नव्हती. पातेलं गॅसवरून उतरलं की उकळी बसायच्या आत त्यांचा कप अर्धा झालेला असे. आधी डोळे मिटून वाफेत नाक घालायचं, मग घोट. समोरच्याने कपावर फुंकर घातली की लगेच ऐकवत, "फुकायचं आसंल तर चुलीत फुका." मोशीतल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहत. त्यांचं खरं नाव दारावर होतं, पण ते फक्त कुरिअरवाला वापरी.

त्या चाकणजवळच्या गावातल्या. शेत गेलं तिथे कंपनी आली आणि त्याच कंपनीत त्यांचे यजमान, तात्या, फिटर म्हणून लागले. काकूंच्या मते सर्दी, पाठदुखी आणि सासरची माणसं या तिन्हींवर उपाय एकच, कढत चहा. घरगुती औषधाचं नाव काढलं की पुरावा मागायची मला वाईट खोड आहे. तसा मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरावा म्हंजी मी. हाय का न्हाई समोर?"

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ताप आला म्हणून कुणी रजा टाकत नाही, हजेरीचा बोनस जातो. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी घ्यायची, दोन कॅप्सूल गिळून शिफ्टला जायचं, ताप उतरला की उरलेली पट्टी कामावरच्या जोडीदाराला द्यायची. याला इथे माणुसकी समजतात. तात्यांनी ही माणुसकी आयुष्यभर पाळली, त्यांच्या मुलाने ती वारशात घेतली, आणि चार पुस्तकं वाचलेला मीही त्यातलाच. काकूंनी मात्र त्या पट्टीला कधी हात लावला नाही. "ताप आला तर निजावं, चहा प्यावा. न्हाई उतरला तर डॉक्टर हाय. मेडिकलवाला काय डॉक्टर हाय व्हय?"

मग तात्यांचा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर जखम वाहू लागली. तपासणीत नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू निघाले. डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, की हे सांध्यात उतरलं तर बसवलेला गुडघा काढावा लागेल आणि पुढे पायाचीही खात्री देता येणार नाही. असे जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही गुपचूप मुक्कामाला असतात, म्हणून जखमेला हात लावणाऱ्या सगळ्यांची नाकं तपासायची ठरली. ड्रेसिंगला मी मदत करायचो, तेव्हा माझंही.

मुलाच्या नाकात जंतू निघाले. माझ्याही निघाले. काकू तात्यांच्या उशाशी झोपत, त्यांचे कपडे धूत, त्यांना भरवत. त्यांचं नाक स्वच्छ.

"नाकातल्या मलमाचा कोर्स होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत तुम्ही दोघं जखमेजवळ जायचं नाही," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "ड्रेसिंग आजी करतील."

"चहा!" काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "गरम चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या नाकात हे जंतू कमी सापडले, असं एका पाहणीत दिसलं होतं, आजी. पण ते चहामुळेच, असं काही सिद्ध झालेलं नाही. तुम्ही अँटिबायोटिक कधी घेतलं होतं?"

"मी? कवाच न्हाई."

"मग तेही कारण असेल. किंवा नुसतं नशीब."

काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलं का भाऊ? डॉक्टरबी चहाच म्हनत्यात."

 ज्याच्या नाकात जंतू निघाले आहेत त्याने पुराव्याबद्दल बोलू नये, एवढी समज मला आहे.

त्यानंतरच्या काकू मी दाराबाहेरून पाहिल्या. बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने धुतलेले हात, तोंडाला मास्क, आणि जखमेवर वाकलेली ती एकाग्र पाठ. रोज पूजा करणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यात असं ध्यान लागलेलं दिसलं नव्हतं. नव्या औषधाचे डोस त्या घड्याळ लावून देत. तात्या एकदा म्हणाले, "आता बरं वाटतंय, ऱ्हाऊ दे." त्यावर त्या गरजल्या, "कोर्स पुरा व्हईल! उरलेल्या गोळ्या कुणाला वाटायच्यात तुमाला?" जखम सुकली. गुडघा राहिला, पायही राहिला. तात्या पहिल्यांदा एकटे गेटपर्यंत चालत गेले, तेव्हा काकूंनी शाबासकी दिली नाही. घरात जाऊन आधण ठेवलं.

सोसायटीने मग सत्कार योजला. शाल, नारळ, दोन भाषणं. पाहुण्यांनी काकूंना "चालतंबोलतं आरोग्यकेंद्र" म्हटलं. भाषणं संपेपर्यंत कागदी कपातला चहा निवला होता. काकूंनी त्यात बोट बुडवलं, शाल खुर्चीवर ठेवली आणि त्या घरी निघून गेल्या. इतकं नेमकं आभाराचं भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

गेल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. हृदय थांबलं. चहाने त्यावरही काहीतरी करायला हवं होतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

परवा तात्यांना कणकण होती. खोकल्याचं औषध घ्यायला मी त्यांच्यासोबत मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने सवयीने कॅप्सूलची पट्टी पुढे सरकवली. तात्यांनी ती बोटाने परत ढकलली. "उद्या डॉक्टरला दावतो," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी स्वतः चहा केला. कप इतका तापला होता की मी तो दोन बोटांनी कसाबसा धरला आणि नकळत ओठांचा चंबू केला.

"फुकू नका, भाऊ," तात्या हळूच म्हणाले. "तिला चालत न्हाई."

मी वाफेत नाक घातलं. मग घोट घेतला. जीभ अजून चुरचुरते आहे.