डब्यावरची चिठ्ठी

शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुणाच्या गळ्यात मारायचा असा प्रश्न पडला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धरणगावच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, तास संपला की खिडक्या लावायच्या, एवढंच माझं विज्ञान. पण "तू पंख्याच्या वायरी जोडतोस ना, मग हेही तूच बघ," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि विषय संपला. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेले कॉम्प्युटर आमच्या भागातल्या चार शाळांना दान म्हणून मिळाले होते. दान कसलं डोंबलाचं! त्यांची अडगळ त्यांनी आमच्या दारात आणून टाकली. चार शाळांना एकेक कॉम्प्युटर, आणि चारही शाळांत माझ्यासारखा एकेक बळीचा बकरा.

चौघांत वयानं मोठे धुळ्याचे. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, म्हणून आमचे गुरूही तेच. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. बाकीच्या तिघांना गावाच्याच नावानं हाक: मी धरणगाव, केळीवाल्या घरातला एक एदलाबाद, आणि सगळ्यांत पलीकडचा, साक्रीच्याही पुढचा, पिंपळनेर.

नवे सुटे भाग कुणी घेऊन देणार नव्हतं. अर्ज केले, त्यांचं पुढे काय झालं देव जाणे. मग आम्हीच एकमेकांना पोसू लागलो. एदलाबादचा कीबोर्ड मला, माझी केबल नानांना. सरकी काढायच्या जिनांमधला कापूस उडून माझा फ्लॉपीचा भाग पहिल्या वर्षीच गुदमरून मेला, बाकीच्यांचे धुळीनं गेले. त्यामुळे मशीन सुरू व्हायला हार्ड डिस्क हवीच, नाहीतर पडदा काळा. चार डिस्कांपैकी तीन गेल्या. चौथी राहिली. तिचं एक कार्ड होतं, त्या कार्डाशिवाय ती दुसऱ्या कुणाशी बोलायची नाही, म्हणून दोघं नवराबायकोसारखी बरोबरच प्रवास करायची. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हातात डबा द्यायचा. पिंपळनेरला जायची असली तर नाना धुळे स्टँडवर डबा उतरवून घेत आणि साक्रीकडच्या गाडीत चढवत.

ज्या शाळेत तपासणी, तिथे डिस्क. साहेब येत, उजळलेला पडदा बघत, 'कॉम्प्युटर चालू स्थितीत' असं लिहून जात. चारही शाळांचे कॉम्प्युटर कागदावर चालू, मग नवा कोण कशाला देतो? आमच्या हुशारीनं आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेत होतो, पण तेव्हा हुशारीचा भारी अभिमान होता.

आमचा एक नियम नानांनी घालून दिलेला. डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि तिच्यावर अगदी खेटून एक सुई असते. हलवायच्या आधी मशीन चालू असतानाच एक आज्ञा टाइप केली की ती सुई बाजूला जाऊन बसते. नाही बसवली तर एसटीच्या धक्क्यांनी ती तबकडीवर आपटते, आणि खेळ खलास. याला आम्ही डिस्क झोपवणं म्हणायचो. डिस्क झोपवली की डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'झोपवली आहे', खाली सही. चिठ्ठी असली की पुढचा माणूस डोळे झाकून विश्वास ठेवायचा. तेवढंच काय ते आमचं सरकारी कामकाज.

पिंपळनेर चार वर्षं मानधनावर होता. आमच्यातला सगळ्यांत चांगला हात त्याचा. वायर जोडायला त्यानं दिलेला कथलाचा डाग कधी सुटला नाही. मी डाग दिला की नाना म्हणत, "धरणगाव, हे काय कावळ्यानं केलंय का रे?" त्या हिवाळ्यात त्याच्या शाळेत एका सोमवारी तपासणीचं पथक येणार होतं. कॉम्प्युटर चालताना दिसला तर विषयाला मान्यता आणि त्याला कायमची नेमणूक. दिसला नाही तर विषय बंद आणि तो घरी. इतकं सरळ होतं.

डिस्क तेव्हा माझ्याकडे होती. त्याचा आमच्या शाळेत फोन आला. "भाऊ, शुक्रवारी धाडाल ना? जोडून बघायला दोन दिवस हवेत."

"अरे, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं," मी म्हणालो.

शुक्रवारी धाडली नाही. शनिवारी आमच्या संस्थेचे अध्यक्ष शाळेत येणार होते, आणि त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर सरकताना दाखवायची मला हौस आली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. माझी नोकरी कायम होती. मला नुसतं कौतुक करून घ्यायचं होतं, बस.

अध्यक्ष अकराला येणार होते, ते आले दीड वाजता. धुळ्याची गाडी सव्वादोनची. नाव सरकलं, "वा वा" झालं. मग अध्यक्षांनी विचारलं, "हे बंद कसं करायचं हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत लाल बटण स्वतःच्या हातानं खट्‌कन दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता झोपवायची तर मशीन परत सुरू करायला हवं, आणि ते थेरडं सुरू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचं. मग खोका उघडायचा, स्क्रू काढायचे, स्टँडपर्यंत पळायचं. एवढ्यानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. डबा बांधला. चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात क्षणभरही अडला नाही. 'झोपवली आहे', खाली सही. चिठ्ठी नसती तर नानांनी धुळ्याला विचारलं तरी असतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला, फोन नाही. गुरुवारी डबा परत आला. वर त्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: 'चालली. उपकार झाले. झोपवली आहे.' मला इतकं हायसं वाटलं की शिपायाला चहा पाजला. मग डिस्क जोडली. आतून खट् खट् खट् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला.

मी लगेच नानांना फोन केला. काय बोललो ते शब्दन्‌शब्द आठवतं. "नाना, डिस्क गेली. पिंपळनेरनं न झोपवता धाडली वाटतं." ते 'वाटतं' मी मुद्दाम लावलं होतं.

पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला. पथकासमोर पडदा उजळलाच नाही, पिंपळनेरचं काम गेलं. "मी त्याला झाडला," नाना म्हणाले. "रविवारपर्यंत चालत होती म्हणे. मग टेबल सरकवलं आणि झोपवायचं विसरला. कबूल केलं त्यानं. वर 'चालली' म्हणून चिठ्ठी लिहितो, लाज नाही वाटत!" मी म्हणालो, "अरेरे." एवढंच म्हणालो. त्यानं स्वतःच कबूल केलंय ना, मग खरंच असेल, असं मी धरून चाललो, आणि दोन-तीन वर्षं धरूनच राहिलो. आमची देवाणघेवाण तिथेच थांबली. देण्यासारखं कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

मग एकदा लग्नाला साक्रीला गेलो होतो. स्टँडकडे परत जाताना एका आडत्याच्या ओसरीवर तो दिसला, शेंगांच्या पोत्यांची तोंडं दाभणानं शिवत बसलेला. टाके तसेच एकसारखे. मीच चुकवून जाणार होतो, पण त्यानं हाक मारली. "धरणगाव! कसं काय भाऊ? बठ्ठं बरं शे ना?"

सगळं बरं आहे, मी म्हणालो. शाळेचं विचारलं त्यानं, नानांचं विचारलं. मला राहवलं नाही. "ती डिस्क," मी म्हणालो, "रविवारपर्यंत चालली होती ना?"

त्यानं दाभण पोत्यात टोचून ठेवलं. "नाही भाऊ. आली तीच गेलेली."

"मग चिठ्ठीत चालली का लिहिलंस?"

"तुम्ही एवढ्या लांबून धाडलेली. गेलेली निघाली असं कसं लिहू?"

"आणि नानांना टेबलाचं सांगितलंस ते?"

"नाना म्हणाले, धरणगाव सांगतोय तू झोपवली नाहीस. मग तुम्हाला खोटं कशाला पाडू? माझं काम गेलंच होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं. पोत्याचं तोंड सारखं करत तो पुढे म्हणाला, "फक्त एक झालं. तुमची चिठ्ठी होती ना डब्यावर, म्हणून डिस्कवर मी संशयच घेतला नाही. रविवारभर माझ्याच मशीनला शिव्या घालत बसलो. नाहीतर हेडसरांना सांगून पथकाची तारीख तरी पुढे मागितली असती. पथकवाले देणार होते."

मला चुकलं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ."

"नको भाऊ," तो म्हणाला, "अजून पोती राहिलीत," आणि त्यानं दाभण हातात घेतलं.